एकच सॉफ्टवेअर सिंथ ठेवायचा झाला तर कोणता ठेवाल?

अर्धमात्रा

मंडळी, आधी कबुली देते. माझ्या संगणकात या घडीला ६३ व्हर्च्युअल वाद्यं, म्हणजे सॉफ्टवेअरने आवाज घडवणारे सिंथ वगैरे, आहेत. काल मोजली. त्यातली विकत घेतलेली चार, बाकी फुकटातली किंवा चाचणीची मुदत संपून नुसती जागा अडवून बसलेली. आणि गेल्या आठ महिन्यांत माझ्या पूर्ण झालेल्या चाली किती? दोन.

रोज रात्री बसते, कीबोर्ड जोडते, एक सिंथ उघडते आणि प्रीसेट, म्हणजे त्यातले तयार आवाज, चाळायला लागते. वॉर्म पॅड, डीप पॅड, वॉर्म डीप पॅड. (पॅड म्हणजे मागे लांबत राहणारा मऊ आवाज.) तासाभराने कान बधिर होतात आणि डोक्यात आलेली चाल तोवर उडून गेलेली असते. एखादा प्रीसेट आवडलाच तर तो एकटा भन्नाट वाजतो, पण बाकीच्या वाद्यांत सोडला की सगळ्यांच्या उरावर बसतो.

आता ठरवलंय, एकच ठेवायचा आणि तोच शिकायचा. कोणता ठेवू?

जोडप्रश्न: माझी बासरी इतकी मेलेली का वाजते? चांगल्या सिंथमधला चांगला प्रीसेट आहे. तरी लिफ्टमधल्या संगीतासारखी वाजते.

शांतारस

६३ आहेत ना? अजून एक घ्या. चौसष्ट कला पूर्ण होतील.

खटपट्या

नाव हवं असेल तर सर्ज एक्सटी किंवा व्हायटल. दोन्हींचा कोड खुला आहे. सर्ज मुळात विकाऊ सिंथ होता, २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने कोड सगळ्यांना देऊन टाकला आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो सांभाळताहेत. व्हायटल २०२० चा. त्याच्या फुकट आवृत्तीत प्रीसेट आणि वेव्हटेबल (तयार लहरींचे संच) कमी मिळतात, पण इंजिन तेच.

शिकायला व्हायटल सोपा, कारण जे हलतं ते पडद्यावर हलताना दिसतं. एलएफओ, म्हणजे खुंट्या आपोआप हलवणारी संथ लहर, ओढून कटऑफवर, म्हणजे फिल्टर जिथून कापायला लागतो त्या खुंटीवर, सोडला की कटऑफची खूण तिथल्या तिथे डोलायला लागते. सर्जमध्ये खोली जास्त, पण पहिला आठवडाभर तो अंगावर येतो.

बासरीबद्दल एक विचारतो. नोटा माउसने काढता की कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड करता?

अर्धमात्रा

माउसने. वाजवून रेकॉर्ड केलं की लयीत बसत नाही.

खटपट्या

मग चोर सापडला. त्या नोटांची व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा, बघा. सगळ्या सारख्याच असणार, बहुधा १००. मिडीत (कीबोर्ड आणि संगणक यांच्यातली नोटांची भाषा) व्हेलॉसिटी ० ते १२७ असते आणि माउसने काढलेली नोट त्यातल्या एकाच आकड्यावर बसते. प्रत्येक फुंकर त्याच जोराची, त्याच क्षणी सुरू, त्याच क्षणी बंद. असा बासरीवाला माणूस नसतोच.

जुनी कॅसेट

धागा वाचून बरं वाटलं, कारण हा रोग मलाही होता आणि रोग जुना आहे.

यामाहाचा डीएक्स७ हा सिंथ आला १९८३ साली. सहा ऑपरेटर (लहर काढणारे घटक), ते एकमेकांना कसे जोडायचे याचे ३२ आराखडे, एका वेळी १६ सूर. त्यामागचं एफएम तंत्र स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगने साठच्या दशकात शोधलं होतं: एका लहरीची कंप्रता दुसऱ्या लहरीने अतिशय वेगात हलवायची, म्हणजे कानाला थरथर ऐकू न येता नवा रंगच ऐकू येतो. तंत्र अफाट. पण वाद्यावर फिरवायला बटनांची पाटी आणि एवढासा पडदा. एका वेळी एकच आकडा दिसायचा. परिणाम व्हायचा तोच झाला. बहुतेकांनी कारखान्यातून भरून आलेले आवाजच वाजवले, आणि त्या दशकातल्या कित्येक गाण्यांत तोच एक इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो. तेव्हा प्रीसेटला शिव्या देताना हे लक्षात असू द्या की प्रीसेटनेच एका दशकाचा आवाज ठरवला.

ज्याला हे प्रकरण घरबसल्या चाखायचंय त्याच्यासाठी डेक्स्ड नावाचं फुकट प्लगिन (संगीताच्या प्रोग्रॅममध्ये जोडायचं वाद्य) आहे. डीएक्स७ चे जुने पॅच, म्हणजे जतन केलेले आवाज, त्यात जसेच्या तसे उघडतात.

पण ताई, तुम्हाला डेक्स्डने सुरुवात करा असं मी सांगणार नाही. एफएममध्ये एक खुंटी पिळली की काय होईल याचा अंदाज यायला वर्ष जातं. साध्या सबट्रॅक्टिव्ह पद्धतीने सुरू करा: भरपूर स्वरांशांची (मूळ सुराच्या पटीतल्या कंप्रतांची) लहर घ्यायची आणि फिल्टरने नको ते कापायचं. १९७० च्या मिनिमूगमध्ये हेच होतं. तीन ऑसिलेटर (लहर काढणारे भाग), दर सप्तकाला २४ डेसिबलने उतरणारा फिल्टर आणि एन्व्हलप, म्हणजे आवाज कसा येतो, टिकतो आणि विरतो ते ठरवणारा भाग. आजचा कोणताही सिंथ उघडा, वरचे झगमगते थर बाजूला केले की खाली हाच सांगाडा सापडेल.

आता गृहपाठ. इनिट पॅच, म्हणजे सिंथची कोरी पाटी, उघडा. दोन सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या लहरी) लावा. एक २२० हर्ट्झवर, दुसरा त्याच्या ५ सेंट वर. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. दुसरा गेला २२०.६४ वर. फरक ०.६४ हर्ट्झ, म्हणजे दीडेक सेकंदाला एक हेलकावा. डोळे मिटून ऐका, लाट येऊन जाते तशी ऐकू येते. आता तोच पॅच दोन सप्तकं वर वाजवा. ५ सेंट तेच, पण फरक झाला अडीच हर्ट्झचा. लाटेची थरथर झाली. खाली मखमली वाटणारा पॅड वर गेला की चिरकतो, त्यातलं निम्मं कारण हे. काही सिंथमध्ये डिट्यून, म्हणजे हा फरक, सेंटऐवजी थेट हर्ट्झमध्ये ठेवता येतो, तसं ठेवलं की सगळीकडे एकच लय मिळते.

आणखी एक खुंटी: रीट्रिगर. ती चालू असेल तर प्रत्येक नोटेला लहर पहिल्यापासून सुरू होते, म्हणून प्रत्येक नोटेचं तोंड तंतोतंत सारखं. बंद करा. बेस आणि ढोलासारख्या आवाजांना मात्र चालूच ठेवा, नाहीतर एक ठोका दमदार आणि पुढचा पोकळ येतो.

निम्मा सूर

सगळ्यांचा आदर राखून विरोधी सूर लावतो.

मी ठरावीक मुदतीत पार्श्वसंगीत करून देतो. उद्या सकाळी द्यायचं असताना मी इनिट पॅचवरून हेलकावे मोजत बसलो तर काम गेलं. प्रीसेट घ्यायचा, कटऑफ आणि अटॅक (आवाज किती झटकन येतो ते) हलवायचा, पुढे जायचं. स्वयंपाक्याने मीठही स्वतः पिकवावं असा आग्रह कशाला?

दुसरं, बासरी सिंथने करायचीच कशाला? सॅम्पल घ्या. खरी बासरी खऱ्या माणसाने फुंकलेली, हळू आणि जोरात अशी प्रत्येक सुरावर वेगवेगळी रेकॉर्ड केलेली. १९९८ मध्ये गिगासॅम्पलर हे सॅम्पल वाजवणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हापासून मेमरीचीही अडचण गेली. प्रत्येक नोटेचा फक्त सुरुवातीचा तुकडा मेमरीत धरायचा, तो वाजेपर्यंत उरलेला डिस्कवरून ओढायचा. युक्ती एवढीच, पण तिच्यामुळे पियानोची एकेक पट्टी शेवटपर्यंत विरू देता आली. त्याआधी जागा वाचवायला नोटेचा छोटा तुकडा गोल गोल फिरवायचे आणि कानाला ते चक्र कळायचं.

खटपट्या

मीठ पिकवू नये हे मान्य. पण चव घेता यायला हवी ना? ताईंची तक्रारच ती आहे. ६३ बरण्या आहेत आणि कशात काय घातलंय ठाऊक नाही.

सॅम्पलचं म्हणाल तर ज्या क्षणाचं रेकॉर्डिंग आहे तो क्षण तिथे गोठलेला असतो. स्नेअर ड्रमचा एकच सॅम्पल सोळा वेळा वाजवा, मशिनगन ऐकू येते. म्हणून राउंड रॉबिन करतात, एकाच ठोक्याची चार-सहा रेकॉर्डिंग आलटून पालटून. तोही एक उपायच, पण संख्येचा. जोराचे आठ थर, प्रत्येकाचे चार पर्याय, ८८ पट्ट्या, पेडल दाबलेलं आणि सोडलेलं. ५,६३२ रेकॉर्डिंग झाली. पियानोच्या लायब्रऱ्या दहा-दहा जीबीच्या होतात त्या अशा.

पियानोटेक या प्लगिनने २००६ मध्ये उलटा रस्ता धरला. सॅम्पल नाहीतच, तार आणि हातोडी यांचं गणित तिथल्या तिथे सोडवायचं. एक पट्टी धरून ठेवली आणि दुसरी वाजवली तर पहिलीची तार आपसूक गुणगुणते, कारण गणितात त्या तारा एकमेकींना ऐकू शकतात.

निम्मा सूर

पियानोटेक ऐकलाय. वाजवायला मजा येते, कबूल. पण त्याचं रेकॉर्डिंग ऐकताना मला अजून काच आणि तार यांच्या मधलं काहीतरी ऐकू येतं. कान आपापले.

तारसप्तक

वाचनमात्र होतो, बासरीचा विषय निघाला म्हणून राहवेना.

मी गळ्याने गातो, कीबोर्ड फक्त चाल बांधायला. मला सॅम्पलच्या बासरीत टोचते ती मींड. सा वरून ग वर जाताना सॅम्पलर एक रेकॉर्डिंग मंद करत दुसरं वर आणतो. मधल्या वाटेवर कुणीच नसतं. सिंथमध्ये मात्र लहर एकच असते, तिला कुठेही नेता येतं. तेव्हा मींड हवी असेल तर नकली बासरी खऱ्या बासरीपेक्षा बरी, असं माझं उलटं मत आहे.

पिच बेंडची एक अडचण सोडवायला मला दोन महिने लागले, तुमचे वाचावेत. बेंडच्या चाकाला १६,३८४ पायऱ्या असतात, पण ते चाक किती स्वरांपर्यंत ओढेल हे सिंथ ठरवतो. सहसा दोन्ही बाजूंना दोन अर्धस्वर. त्यात सा वरून शुद्ध ग गाठताच येणार नाही, तो चार अर्धस्वर लांब. मी सिंथमध्ये बारा केलं आणि माझं जुनं रेकॉर्डिंग वाजवलं. सगळं सहापट जास्त वाकलं, करुण आलापाचं रुग्णवाहिकेच्या भोंग्यात रूपांतर झालं. सिंथमधला आकडा बदलला की चाकाने नोंदवलेल्या जुन्या रेषाही बदलाव्या लागतात.

आणि एमपीई (मिडीचाच पुढचा प्रकार) जरूर बघा. साध्या मिडीत बेंड अख्ख्या चॅनलला लागतो, तीन सूर धरले तर तिघेही वाकतात. एमपीईत प्रत्येक सुराला वेगळा चॅनल मिळतो, त्यामुळे धरलेल्या जोडीतला एकच सूर सरकवता येतो. सर्ज आणि व्हायटल दोन्ही ते ओळखतात.

अवांतर: सर्जमध्ये स्काला फाइल घालून स्वरांचं ट्यूनिंग बदलता येतं. मी गंधार षड्जाच्या ५/४ वर बसवला, म्हणजे कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली. षड्ज धरून तो लावला आणि हेलकावा थांबला. जुनी कॅसेट यांनी वर जी लाट ऐकायला सांगितली आहे, ती थांबते तेव्हा काय वाटतं तेही एकदा ऐका.

अर्धमात्रा

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! गृहपाठ चालू केलाय. दोन अडचणी आल्या.

१. माउस सोडून कीबोर्डवर वाजवायला बसले तर पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो. लयीत बसत नाही म्हणत होते ते हेच असावं. बफर कमी केला तर चरचर ऐकू येते.

२. साधी सॉटूथ फार वर वाजवली की मागे दुसराच कुठला तरी बेसूर ऐकू येतो. मी लावलेला नाही.

खटपट्या

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो माझा लाडका आहे. तो बेसूर खरा आहे, तुमचा कान चांगला आहे.

संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असेल तर २२,०५० हर्ट्झच्या वरचं त्याला मांडताच येत नाही. जे वर जाईल ते आरशात आपटल्यासारखं खाली परततं. सॉटूथमध्ये सगळे स्वरांश असतात. ५,००० हर्ट्झची घ्या: १०, १५, २० हजार ठीक आहेत. पुढचा २५ हजार, तो परत येतो १९,१०० वर. ३० हजार येतो १४,१०० वर, ३५ हजार ९,१०० वर, ४० हजार ४,१०० वर आणि ४५ हजार थेट ९०० वर. मूळ सुराच्या खाली! या आकड्यांचं ५,००० शी सुरेल नातं नाही, म्हणून बेसूर. नोट वर सरकवली की यातली बहुतेक भुतं खाली सरकतात, त्यावरून ओळखायचं. याला एलियासिंग म्हणतात.

चांगले सिंथ लहरीचे टोकदार कोपरे हिशोबाने गोल करतात किंवा आतल्या आत दुप्पट-चौपट वेगाने गणित करून मग खाली उतरतात. सेटिंगमध्ये ओव्हरसॅम्पलिंग किंवा क्वालिटी शोधा. सर्जमध्ये ऑसिलेटरचा प्रकार मॉडर्न करा. गंमत म्हणजे त्याच सर्जमध्ये एलियस नावाचाही एक ऑसिलेटर आहे, हा बेसूर मुद्दाम हवा असणाऱ्यांसाठी.

पहिल्या अडचणीचं कोण सांगतंय?

जुनी कॅसेट

मी सांगतो.

बफर म्हणजे संगणक एका वेळी जेवढे नमुने शिजवून वाढतो तेवढे. १,०२४ चा बफर ४४,१०० वर २३ मिलिसेकंद, २५६ चा ५.८. वर साउंड कार्डचा थोडा वेळ आलाच. ५.८ म्हणजे किती? हवेत आवाज तेवढ्यात दोन मीटर जातो. स्पीकर दोन मीटर लांब ठेवल्यासारखं, त्याने कुणाची लय जात नाही. २३ मिलिसेकंदाने मात्र बोटं अडखळतात. विंडोजवर असाल तर एएसआयओ ड्रायव्हर (साउंड कार्डशी थेट बोलणारा) आहे ना ते आधी बघा, नसेल तर बाकी सगळी खटपट व्यर्थ. वाजवताना २५६ किंवा १२८ ठेवा, मिक्स करताना खुशाल १,०२४.

चरचर म्हणजे वाढायची वेळ झाली आणि शिजलेलं नाही. तुमच्या पॅडचा युनिसन, म्हणजे एका सुरासाठी एकावर एक रचलेल्या लहरींचा आकडा, किती आहे? सात असेल आणि तीन ऑसिलेटर असतील तर चार सुरांच्या एका कॉर्डला ८४ लहरी. रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायचा वेळ) पाच सेकंदांचा असेल तर मागच्या कॉर्डच्या ८४ अजून वाजताहेत. वर ओव्हरसॅम्पलिंग चौपट. प्रोसेसरने तरी काय करावं! युनिसन तीनवर आणा, फरक कुणाला ऐकू येणार नाही. उलट बाकीच्या वाद्यांना जागा मिळेल. तुमचा प्रीसेट सगळ्यांच्या उरावर बसतो म्हणालात ना, तो एकट्याने ऐकवण्यासाठीच फुगवलेला असतो.

पूर्वी हा वाढण्याचा प्रश्नच नव्हता. १९५७ मध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी बेल लॅब्समध्ये आयबीएम ७०४ कडून १७ सेकंदांचं संगीत काढून घेतलं, तेव्हा आधी सगळं गणित करून ठेवायचं आणि मग ऐकायचं असा मामला होता. पट्टी दाबली की प्लगिनने वाजायचं ही सोय व्हीएसटी या प्लगिनच्या मानकात १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत मुख्यतः इफेक्टच होते.

निम्मा सूर

एकच सिंथ ठेवण्याच्या बाजूने माझ्याकडूनही एक मुद्दा, विरोधी पक्षातून.

मागच्या वर्षी एका जुन्या कामाची लांबवलेली आवृत्ती मागितली गेली. प्रोजेक्ट उघडला. २४ ट्रॅकपैकी ११ मुके. त्यातले काही ३२-बिट प्लगिन, नव्या यंत्रावर उघडेनात. (२०१९ पासून मॅकओएसने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणंच थांबवलं, हे मला अर्थातच त्या रात्री कळलं.) बाकीचे ज्या कंपनीचे होते तिने परवाना तपासणारा सर्व्हर बंद केलेला. पैसे भरलेले, पावती आहे, इन्स्टॉलर आहे आणि पडद्यावर नम्रपणे 'ऑनलाइन पडताळणी करा'. कुणाकडे?

अकराही ट्रॅक कानाने ऐकून पुन्हा बांधले. मुख्य धून ज्या पॅडवर होती तो काही केल्या जमला नाही. ऐकणाऱ्याला कळलं नसेल, मला कळतं.

तेव्हापासून काम संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळा ऑडिओ म्हणून काढून ठेवतो, सोबत मिडी फाइल, आणि महत्त्वाच्या पॅचच्या पडद्याचा फोटो. फोटोवरून दुसऱ्या सिंथमध्ये पॅच बांधायचा तर खुंट्यांचा अर्थ कळायला लागतो. म्हणजे जुनी कॅसेट जिंकले, पण हे मी फक्त इथेच म्हणतोय.

जुनी कॅसेट

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अर्धमात्रा

तीन आठवड्यांनी येतेय. ६३ पैकी सर्ज ठेवला. पियानो सॅम्पलचा ठेवला, त्याबाबतीत निम्मा सूर यांची बाजू. बाकीचे उडवताना दोन प्लगिन असे निघाले जे मी कधी उघडलेच नव्हते.

आता बासरी. इनिट पॅचवरून केली. एक त्रिकोणी लहर. सोबत नॉइज, बँडपास (मधलाच पट्टा जाऊ देणाऱ्या) फिल्टरमधून. नॉइजला वेगळा एन्व्हलप, झटकन येतो आणि ८० मिलिसेकंदांत जवळजवळ विरतो, ती फुंकर. मग सूर तोंडाशी २० सेंट खालून सुरू करून वर आणला. हे तारसप्तक यांच्या मींडेवरून सुचलं. कंप सुरुवातीपासून न ठेवता ४०० मिलिसेकंदांनी हळूच येतो, सेकंदाला पाचेक वेळा. व्हेलॉसिटी कटऑफला बांधली, जोरात दाबलं की आवाज मोठा होण्यापेक्षा उजळ होतो. आणि मॉड व्हील फुंकेला बांधलं.

शेवटचं ते चाक लावलं आणि डावा हात त्यावर ठेवून वाजवलं तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घ्यायला थांबले. म्हणजे चालीतच थांबले. माउसने काढलेल्या नोटांत श्वासाला जागाच ठेवली नव्हती, हे त्या क्षणी लक्षात आलं.

बासरीवाल्याला ऐकवली तर तो ही बासरी नव्हे असंच म्हणेल. पण जी चाल आठ महिने पडून होती ती परवा पूर्ण झाली.

तारसप्तक

ऐकवा ना इथे. आणि फुंकेचं चाक सुराच्या आधी किंचित उचलून बघा, सुराबरोबर नको.

शांतारस

पॅच जतन केलात का? नाव काय दिलंत?

अर्धमात्रा

वॉर्म डीप पॅड २.

घाईत होते हो.